वन्सं कुंपणाशी आल्या तेव्हा

पुण्याला एखाद्या लग्नाला गेले की कुणीतरी विचारतंच, "जपानमध्ये इतकी वर्षं नेमकं करत काय होतीस?" मी म्हणते, "सिंह राखत होते." समोरचा आधी हसतो आणि मग जरा चाचरत विचारतो, "म्हणजे, प्राणिसंग्रहालयात?" तर तिथेही नाही. कावासाकी स्टेशनजवळच्या एका इमारतीत, फिरत्या खुर्चीवर बसून, थर्मासमधला चहा पीत. सिंह होते केनियाच्या दक्षिणेकडच्या गवताळ रानात. त्यांतला एकही मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही.

मी मूळची सॉफ्टवेअर तपासणारी. नवऱ्याच्या काँट्रॅक्टबरोबर जपानला, निशी-कसाईला आले. मुलगी केतकी शाळेत रमल्यावर नोकरी शोधली आणि एका लहानशा कंपनीत चिकटले. ही कंपनी रानटी जनावरांच्या गळ्यात बांधायचे पट्टे बनवायची. कोबेच्या एका प्राध्यापकांचा केनियातल्या सिंहांवर अभ्यास चालला होता आणि पट्ट्यांवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी आमच्याकडे सोपवलं होतं. या कामानं मला पगार दिला, बोनस दिला, स्वाहिलीचे चार शब्द दिले आणि भीती दिली. बाकीचा हिशेब निवृत्तीच्या दिवशी मिटला. भीती मात्र अजून माझ्याकडेच आहे.

काम समजायला अवघड नाही. सिंहाला गुंगीचं औषध देऊन त्याच्या गळ्यात पट्टा बांधतात. पट्टा उपग्रहामार्फत दर तासाला आपली जागा कळवतो. आमच्या नकाशावर तो एक लाल ठिपका. त्याच नकाशावर गुराख्यांच्या वस्त्यांभोवती आम्ही रेघा आखलेल्या असायच्या. तिथली वस्ती म्हणजे बोमा: काटेरी फांद्यांचं गोल कुंपण, आत झोपड्या आणि मधोमध गुरं. ठिपक्यानं रेघ ओलांडली की पट्टा तासाची वाट न पाहता सारखी जागा कळवू लागायचा आणि आमच्याकडे इशारा वाजायचा. मग त्या वस्तीतल्या राखणदाराला आम्ही फोन करायचा. तो उठून वस्ती उठवायचा. शेकोट्या, विजेऱ्या, डबे बडवणं, आरडाओरडा. एवढा गोंधळ झाला की सिंह बहुतेक वेळा माघारी फिरतो.

हे काम जपानमध्ये कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण साधं आहे. सिंह हिंडतो रात्री, आणि तिकडची मध्यरात्र उलटते तेव्हा आमच्याकडे सकाळ असते. तिकडे जागरण करून पेंगणारा माणूस ठेवण्यापेक्षा इकडे न्याहारी करून बसलेला ताजा माणूस बरा, ही प्राध्यापकांची युक्ती. त्यामुळे माझ्या आयुष्यातली सगळी भीती लख्ख उजेडातली आहे. जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवायची, कावळ्यांनी उपसू नये म्हणून वर जाळी ओढायची, केतकीचा डबा भरायचा, आणि हे करताना मनात एकच, की तिकडे अंधारात आत्ता कोण कुठे असेल.

लोकांना वाटतं आम्ही माणसांना सिंहापासून वाचवायचो. ते अर्धंच खरं. त्या लोकांचं सगळं गुरांवर. सिंहानं रात्री गाय मारली की सकाळी पोरं भाले घेऊन निघतात. हल्ली भाल्याचेही कष्ट नकोत. मेलेल्या गाईवर कीटकनाशक शिंपडून ठेवायचं. सिंह उरलेलं खायला परत येतो, बरोबर पोराबाळांनाही आणतो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत नऊ नंबरचा ठिपका एका ओढ्याकाठी थांबला. थांबलेला ठिपका वाईटच असतो असं नाही, सिंहासारखा झोपाळू प्राणी नाही. आमचे साहेब हायाशी-सान म्हणाले, वाट पाहू. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही ठिपका तिथेच. शेवटी लेमायान नावाचा आमचा राखणदार बघायला गेला. त्यानं फोन केला. म्हणाला, "मामा, गिधाडंसुद्धा मेलीत." तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. त्या दिवसापासून चालणारा ठिपका दिसला की मला भीती वाटायची, आणि थांबलेला दिसला की जास्त वाटायची.

जनावरांना नावं द्यायची नाहीत, नंबरच म्हणायचं, असा हायाशी-सानांचा नियम होता. नावानं जीव गुंततो. पण चौदा नंबरच्या सिंहिणीला मी मनात वन्सं म्हणायचे. आल्या की घरातलं काहीतरी घेऊन जाणारच, आणि यायच्या त्याही नेमक्या आपण बेसावध असताना. माझ्या खऱ्या वन्सं हे वाचतील तर त्यांनी मनावर घेऊ नये. एकदा वन्संचा ठिपका एका खडकाळ टेकाडावर थांबून राहिला आणि माझी जेवणावरची वासना उडाली. लेमायान भीतभीत गेला तर बाई बाळंत झाल्या होत्या. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना मोची, म्हणजे तांदळाची जपानी मिठाई वाटली, कारण पेढे मिळणार कुठे.

लेमायानची वस्ती वन्संच्या नेहमीच्या वाटेवर होती, त्यामुळे माझे सगळ्यात जास्त फोन त्यालाच. आधी कामापुरते, मग आपल्या सवयीनं "जेवलास का", "आई बरी आहे का" इथवर मी पोचले. जपानी ऑफिसात हे बसत नाही. राखणदाराशी फक्त कंपनीनं दिलेल्या फोनवर आणि फक्त कामाचं बोलायचं. पण एकदा तो हिवतापानं पडला तेव्हा मी त्याच्या आईचा नंबर मिळवला. आईचं नाव नासिएकु. मी तिला त्यांच्या भाषेत येयो म्हणायचे, म्हणजे आईच. मला तिची मासाई भाषा येत नव्हती, तिला दुसरी कुठली धड येत नव्हती. मी "येयो" म्हणायचे, ती "मामा" म्हणायची, मग दोघी हसायचो आणि फोन ठेवायचो. तेवढ्यात लेमायान बरा आहे हे समजायचं.

आता ओता-सानांबद्दल. फोनमधलं सॉफ्टवेअर ते लिहायचे. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिफ्टमध्ये शिंक आली तर रिकाम्या लिफ्टचीही माफी मागतील. सिंहाच्या इशाऱ्याला त्यांनी निवडलेला आवाज इथल्या न्हाणीघरात आंघोळीचं पाणी तयार झालं की वाजतो तसला मंजुळ होता. राखणदारांच्या फोनवर रात्री-अपरात्री बॅटरीचे, अपडेटचे निरोप टणाटण वाजायचे. त्यांनी तक्रार केली, की लांडगा आला रे आला असं होतंय, बायकामुलं वैतागली आहेत, एखाद दिवशी खरा सिंह आला तरी कुणी उठणार नाही. तक्रार अगदी रास्त होती. ओता-सानांनी मान खाली घालून ऐकलं आणि नवीन अपडेट बनवलं. त्यात काय होतं ते आम्हाला पुढे कळलं.

तो हिवाळा होता. आदल्या संध्याकाळी लेमायानशी बोलणं झालं होतं. हत्तींच्या कळपानं त्याच्या वस्तीचं कुंपण एका बाजूनं पाडलं होतं. नव्या काटेरी फांद्या तोडून आणेपर्यंत खिंडारात तो स्वतः झोपणार होता, वासरांच्या पुढे. मी म्हटलं, आत झोप. तो हसला. म्हणाला, "तुम्ही जाग्या असता ना, मामा."

सकाळी हायाशी-सानांचा निरोप आला, ताप चढलाय. ऑफिस उघडेपर्यंतची राखण ते घरून करायचे. मी कळवलं, काळजी करू नका, माझ्या फोनवर नकाशा आहे. निघाले. निशी-कसाईहून तोझाई लाइनची गाडी पकडली. त्या दिवशी वारं सुटलं होतं. पुढे आराकावा नदीवरचा लांबलचक पूल आहे आणि वारं वाढलं की तिथे गाड्या थांबवतात. आमची पुलाच्या तोंडाशी थांबली. वाऱ्यामुळे थांबलो आहोत, आपल्याला तसदी होतेय, क्षमा असावी, अशी घोषणा झाली. डबा खच्चून भरलेला आणि तरीही शांत. जपानमध्ये गाडीत फोनवर बोलत नाहीत. नियम म्हणून दरवाज्याजवळ लिहिलेलं असतंच, पण लिहिलं नसतं तरी कुणी बोललं नसतं. इतक्या वर्षांत मीही कधी बोलले नव्हते.

आणि आंघोळीचं पाणी तयार झालं.

मी फोन पाहिला. वन्संनी रेघ ओलांडली होती. लेमायानची वस्ती. पुढची जागा आली तेव्हा ठिपका कुंपणाच्या पडक्या बाजूला सरकला होता.

मी लेमायानला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. ओता-सानांना लावला, त्यांनी कापला आणि लगेच मजकूर पाठवला, "गाडीत आहे. उतरल्यावर फोन करतो." त्यांना दोष कसा देणार? मी लिहिलं, वन्सं, खिंडार, उचलत नाही. त्यांना वन्सं म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मी ते खोडून चौदा नंबर लिहिलं. घाईत दोनदा चुकलं. त्यांचं उत्तर आलं. नव्या अपडेटमध्ये त्यांनी रात्रीपुरते सगळे फोन मॅनर मोडवर टाकले होते. इथे फोन मुका करून ठेवण्याला तसंच म्हणतात, शिष्टाचार म्हणून. इशाऱ्याचे फोन त्यातून वगळायचे राहून गेले होते. म्हणजे मी लावत होते तो फोन तिकडे गोधडीत नुसता थरथरत होता, आणि तो पोरगा वासरांच्या पुढे गाढ झोपला होता, माझ्या भरवशावर.

मला येयो आठवली. तिचा फोन कंपनीचा नव्हता.

तिनं उचलला. झोपेतला आवाज. मी तोंडापुढे हात धरून, इथल्या रीतीप्रमाणे कुजबुजले, "येयो, सिंबा." म्हणजे सिंह. तिकडून "हालो? हालो?" मी जरा मोठ्यानं म्हटलं. लाइन तुटत होती, शब्दांचे तुकडे पोचत होते. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी खाकरून अगदी हळू म्हटलं, "आनो, फोन..." आनो म्हणजे अहो, जरा. मी त्यांना जपानीत म्हटलं, "माफ करा. सिंहीण आली आहे." ते "हाऽ" म्हणाले आणि जिथे तसूभर जागा नव्हती तिथे मागे सरकले.

मी ओरडले. स्वाहिलीत ओरडले, इंग्रजीत ओरडले आणि मग मराठीत, "अगं ऊठ, त्याला उठव, आली ती!" तिकडून फक्त "हालो, मामा?" ती हसायच्या बेतात होती. तिला वाटलं, नेहमीसारखी चौकशी आहे. आता ती हसेल आणि नेहमीप्रमाणे फोन ठेवेल, हे मला स्वच्छ दिसलं.

तेव्हा मी डोळे मिटले आणि सिंहाचा आवाज काढला. डरकाळी नव्हे. सिंह डरकाळ्या फोडत हिंडत नाही. संध्याकाळी बेंबीपासून हुंकारतो, लांबून ऐकू येतो तसा, हुंऽ, हुंऽ, हुंऽ. आमच्याकडे त्याची रेकॉर्डिंगं होती, मी ती शेकडो वेळा ऐकलेली. तसा हुंकार मी त्या डब्यात काढला, पोट आत ओढून, पुन्हा पुन्हा.

येयो हसली नाही. तिकडे काहीतरी धाडकन पडलं, तिची किंकाळी ऐकू आली, कुत्री उठली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येत नाही. गाडी हलत नव्हती. माझ्याभोवती एक रिकामं वर्तुळ झालं होतं आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. मी फोन दोन्ही हातांत धरला होता. पुढची जागा आली. ठिपका खिंडारातच. मी मनात म्हटलं, बाई, हवं ते ने, वासरू ने, सगळी वासरं ने. लगेच नऊ नंबर आठवला, ती गिधाडं आठवली. मग म्हटलं, वासरूही नको नेऊस, नुसती जा. त्यापुढची जागा आली. तिथेच. मला देवाचं नावही आठवेना. जिवंत ठिपका आणि मेलेला ठिपका दिसायला सारखेच असतात, आणि माणसाचा तर ठिपकाच नसतो.

मग ठिपका सरकला. रेघेच्या बाहेर गेला. त्याच वेळी वारं पडलं असावं, कारण गाडी पुलावर चढली. माणूस आहे की नाही हे मला अजून कळलेलं नव्हतं. पूल ओलांडल्यावर गाडी भुयारात शिरायच्या आधी लेमायानचा फोन आला. मी "आहेस ना, आहेस ना" एवढंच म्हणत राहिले, तेही मराठीत. त्याला ते समजलं असावं.

घडलं होतं ते असं. फोन त्याच्या उशाखाली होता. जाग आली ती आईच्या पायांचा धक्का लागून. येयो चुलीतलं जळतं लाकूड घेऊन त्याच्या अंगावरून पलीकडे जाऊन उभी होती आणि तिच्या समोर, विजेरीच्या उजेडात, दोन डोळे. कुणीच हललं नाही. मग सिंहीण वळली. काही नेलं नाही. उजाडल्यावर त्यानं मला फोटो पाठवला. त्याच्या गोधडीच्या कडेवर, पावलांच्या बाजूला, पंजाचा स्वच्छ ठसा होता. तो फोटो मी एकदाच पाहिला आणि पुन्हा उघडला नाही.

कुणी भाले काढले नाहीत, कारण गाय मेली नव्हती. त्या बाईनं एका जळत्या लाकडावर पोरगाही वाचवला आणि सिंहीणही.

ओता-सानांनी त्याच दिवशी अपडेट मागे घेतलं. मग मिठाईचा खोका घेऊन ते माझ्या घरी आले आणि दारातच इतके वाकले की केतकी घाबरली. त्यांना केनियाला जाऊन येयोची माफी मागायची होती. खर्च स्वतः करणार होते. कसंबसं व्हिडिओ कॉलवर भागवलं. ते कमरेतून वाकले. तिकडे येयोला वाटलं, माणसाचं काहीतरी खाली पडलंय, ती वाकून शोधू लागली. मी रागावले होते, खूप रागावले होते, पण ओता-सानांच्या डोळ्यांतलं पाणी बघून माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. कुणाची झोपमोड होऊ नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

केतकीला मी डब्यातली हकीकत सांगितली तेव्हा ती जपानीत म्हणाली, "होंतो नि?" म्हणजे खरंच? आणि मग मराठीत, "आई, प्लीज माझ्या शाळेच्या वेळेला त्या गाडीनं जाऊ नकोस."

पण मी त्याच गाडीनं, त्याच दरवाज्याशी उभी राहायचे. इथे सगळेच रोज आपापल्या ठरल्या जागी उभे असतात. ते वयस्कर गृहस्थही असायचे. कितीतरी दिवस ते माझ्याकडे पाहायचे नाहीत. मग एका सकाळी, पुलावर, समोर खिडकीबाहेर बघतच त्यांनी अगदी हळू विचारलं, "आनो, त्या सिंहिणीचं काय झालं?" मी तितक्याच हळू सांगितलं, परत गेली, सगळे बरे आहेत. "योकात्ता," ते म्हणाले. बरं झालं.

आता मी निवृत्त आहे. पट्ट्याची बॅटरी संपत आली की तो आपोआप गळून पडेल अशी सोय असते. वन्संचा पट्टा गळून पडला त्याला बरेच दिवस झाले. लेमायानला तो गवतात मिळाला. नवीन बांधायच्या आधी कोबेचं संशोधन आटोपलं. वन्सं आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे कावासाकीत किंवा जगात कुठेच कुणाला सांगता येणार नाही. लेमायानची वस्ती मात्र तिथेच आहे, आणि कुंपणं हत्ती अजूनही पाडतात.

येयो मला फोन करते. वार नाही, वेळ नाही. कधी मी कचऱ्यावर जाळी ओढत असते, कधी निशी-कसाईच्या मंडळाच्या आरतीत असते. माझा फोन मी कधीच मुका करत नाही, लोक नाराज होतात ते होवोत. मी उचलते. तिकडून "हालो" नसतं, "मामा" नसतं. आमच्या दोघींना येणारा एकच शब्द असतो. हुंऽ, हुंऽ, हुंऽ.

मी जागच्या जागी उभी राहते. माझ्यासमोर आता नकाशा नाही, ठिपका नाही. हातातली जाळी हातातच राहते, टाळ्या थांबतात. ती गंमत करतेय की खरंच कुंपणाशी काही आलंय, हे मला त्या क्षणी कळायला काहीही मार्ग नसतो. मी फोन कानाला घट्ट लावून थांबते.

मग ती हसते. आजवर दर वेळी हसली आहे.